आधी गाव सांगा

शनिवार, 1 नोव्हेंबर 2025. शके 1947, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध दशमी सकाळी 9 वाजून 11 मिनिटांपर्यंत, पुढे एकादशी. शततारका नक्षत्र संध्याकाळपर्यंत. गाव लोणावळा.

पहाटे 4.30

इथे अजून काळोख आहे आणि कॅलिफोर्नियात शुक्रवारची दुपार. स्नान झालं की पाच ते सहा हा तास मी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासाठी ठेवला आहे. तिकडे लोक कामावरून घरी निघालेले असतात, बोलायला सवड असते.

पाच वाजता फोन वाजतो. सान होजेच्या ताई आहेत, माहेर तळेगाव दाभाड्याचं.

"गुरुजी, आई म्हणते या वेळी एकादश्या दोन आहेत. आज स्मार्त, उद्या भागवत. मी कुठली धरू?"

"तुमच्याकडे एकच आहे, ताई. आज रात्री 8 वाजून 41 मिनिटांनी लागेल, उद्या शनिवारी संध्याकाळी 7 वाजून 1 मिनिटाला संपेल. सूर्योदय तिच्यात उद्याचाच येतो. उद्या उपवास करा."

"पण कॅलेंडरवर तर दोन दिवस छापलेत."

"ते कॅलेंडर इकडच्या सूर्याचं आहे."

त्यांना हे पटवून द्यायला दहा मिनिटं लागतात, आणि ती मी आनंदानं देतो, कारण दिवसभर मला हेच करायचं असतं. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी पूर्ण होते. ही घटना आकाशात होते आणि सगळ्या पृथ्वीसाठी एकाच क्षणी होते. मावळात 9.11 ला एकादशी लागली, तर त्याच क्षणी ती सान होजेलाही लागली, सिडनीलाही लागली; प्रत्येकाच्या घड्याळात आकडा तेवढा वेगळा. मात्र ती तिथी कुठल्या दिवसाची म्हणायची, हे त्या-त्या गावचा सूर्य ठरवतो. परदेशातली माणसं घड्याळाची वजाबाकी चोख करतात आणि सूर्योदय बघायचा राहून जातो.

सकाळी 6.38

गच्चीवर अर्घ्य. पंचांगातला सूर्योदय झाला आहे, पण लोहगड-विसापूरच्या बाजूला डोंगराची कड असल्यानं सूर्यबिंब दिसायला अवकाश आहे. पंचांगातला सूर्योदय मोकळ्या क्षितिजाचा असतो. आषाढ-श्रावणात तर आमच्याकडे दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. धुक्यात समोरचं घर दिसत नाही, तिथे संकष्टीचा चंद्र कुठला दिसणार? आम्ही चंद्रोदयाची वेळ बघतो, तोवर थांबतो, दिशेला नमस्कार करतो आणि उपवास सोडतो. लंडनच्या, सिअॅटलच्या लोकांना ढगांची काळजी वाटते तेव्हा मी त्यांना लोणावळ्याचा पावसाळा सांगतो. दिसला नाही तरी चंद्र त्याच्या वेळेला उगवलेला असतो. वेळ मात्र त्यांच्या गावच्या चंद्रोदयाची हवी, पुण्याची नाही.

सकाळी 8.15

पुण्याकडे जाणारी लोकल. मळवली पहिलंच स्टेशन. एका हाताला कार्ल्याची लेणी, एकवीरा आई; दुसऱ्या हाताला भाजे. रुळांच्या दोन्ही बाजूंना भातकापणी चालू आहे, कापलेल्या पेंढ्या खाचरात आडव्या पडल्या आहेत. या दिवसांत इंद्रायणी भाताचा वास गाडीच्या दारापर्यंत येतो.

सकाळी 9.00

भाज्याला एका घरी रुद्राभिषेक आहे. काकांना सत्तरावं वर्ष लागलं. मुलगा लंडनला असतो, तो फोनवरून पूजेला बसणार आहे. तिथे पहाटेचे साडेतीन वाजलेत. गेल्याच रविवारी, 26 ऑक्टोबरला, इंग्लंडची घड्याळं तासभर मागे गेली. आपल्यात नि त्यांच्यात आता साडेपाच तासांचं अंतर आहे. अमेरिकेची घड्याळं आज मध्यरात्रीनंतर मागे जातील. या मधल्या आठवड्यात लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात पाचऐवजी चारच तास राहतात, आणि हा आठवडा दरवर्षी कुणाला ना कुणाला चकवतो.

काकू विचारतात, "गुरुजी, साडेनऊपासून राहुकाळ आहे. त्यानंतर सुरू करायचं का?"

"रुद्राला राहुकाळ बघायचा नसतो, काकू. बसा."

राहुकाळ हा दक्षिणेकडचा प्रघात. आपल्याकडे अलीकडच्या काही दशकांत तो इतका पसरला आहे की, तिथी-नक्षत्र न विचारणारा माणूसही राहुकाळ विचारतो. माझ्या मते मुहूर्तशास्त्रात त्याला एवढा मान नाही. पण ज्याला पाळायचा आहे त्यानं निदान नीट पाळावा. लंडनच्या मुलाला आज नव्या घराच्या किल्ल्या घ्यायच्या आहेत. आरती झाल्यावर तो विचारतो, "मावळात 9.29 ते 10.55 म्हणजे आमच्याकडे पहाटे चार ते साडेपाच, बरोबर? म्हणजे मी दिवसभर मोकळा?"

नाही, बरोबर नाही. राहुकाळ हा दिनमानाचा आठवा भाग आहे, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचा. सूर्य उगवण्याआधी दिवसाचा राहुकाळ येईलच कुठून? लंडनमध्ये आज सूर्योदय 6.54 ला, सूर्यास्त 4.34 ला. दिवस 9 तास 40 मिनिटांचा, त्याचा आठवा भाग 1 तास साडेबारा मिनिटं. शनिवारी तिसरा भाग राहूचा, म्हणजे साधारण 9.19 ते 10.31. जूनच्या अखेरीस तिथला दिवस साडेसोळा तासांवर जातो, तेव्हा हाच भाग दोन तासांपेक्षा मोठा होतो.

"अकरानंतर जा," मी सांगतो. "आणि किल्ल्या घेतल्यावर आधी देवाजवळ ठेव, मग आईला फोन कर."

दुपारी 1.00

घरी. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, ताक. आमची एकादशी आज. शेजारचे वारकरी उद्या करतील. पंढरपूरची कार्तिकीही उद्याच. आज सूर्योदयाला दशमी होती म्हणून भागवत संप्रदायाला आजची एकादशी चालत नाही. उद्या सूर्योदयाला एकादशी आहे, पण 7.31 पर्यंतच.

दुपारी 2.30

दिवसातलं अवघड काम आता. टेबलावर पंचांग, लॅपटॉप, वही. आधी लॅपटॉपवर परक्या गावाचे अक्षांश-रेखांश घालून तिथला सूर्योदय, सूर्यास्त आणि लग्नं काढतो, मग पंचांगातल्या तिथी-नक्षत्रांच्या वेळांशी ताडून बघतो.

काही जुनी माणसं म्हणतात, परदेशासाठी पंचांग बघायची सोयच शास्त्रात नाही, समुद्रापलीकडे मुहूर्त नाही. मला हे अजिबात मान्य नाही. कोकणात नांदगावला गणेश दैवज्ञांनी शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली, 'ग्रहलाघव' लिहिला. पुढे कित्येक पिढ्यांनी महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर केली. या ग्रंथपरंपरेत प्रत्येक गणितामागे दोन संस्कार येतात. एक देशांतर: उज्जैनच्या मध्यरेषेपासून तुमचं गाव पूर्वेला किती, पश्चिमेला किती. दुसरा पलभेचा: विषुवदिनी भर दुपारी बारा अंगुळांच्या शंकूची सावली तुमच्या गावी किती पडते. लोणावळ्याची पलभा चार अंगुळांना किंचित वर. न्यू जर्सीची सव्वादहाच्या आसपास, लंडनची पंधरा. उज्जैनपासून लोणावळ्याचं देशांतर साडेनऊ मिनिटांचं. ज्या गणितात पन्नास कोसांवरच्या गावालाही वेगळा संस्कार देत होते, ते गणित सातासमुद्रापलीकडे का थांबेल? सूत्र तेच, फक्त आकडे मोठे होतात.

बेरीज-वजाबाकीचा घोटाळा देशातल्या देशातही होत आलाय. आजच एक पत्रिका आली आहे, टोरांटोहून. आजोबांची पंचाहत्तरीची शांत करायची आहे, जन्मनक्षत्र पक्कं हवं. जन्म 1950, गिरगाव, वेळ रात्री 11.40. भारतात प्रमाणवेळ 1906 मध्ये आली, पण मुंबईनं तिला दाद दिली नाही. शहरातली कित्येक घड्याळं 1955 पर्यंत मुंबई टाइम दाखवत होती, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. मुंबई टाइमचे 11.40 असतील तर प्रमाणवेळेनं रात्रीचे 12.19 होतात आणि इंग्रजी तारीख बदलते. मी नातीला लिहितो: आजोबांच्या मोठ्या बहिणीला विचार, घरातलं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाबरोबर होतं की मागे? रेल्वेचं घड्याळ प्रमाणवेळेवर चालायचं. उत्तर येईपर्यंत हे काम थांबेल.

मग लग्नाचं. मुलगी बॉस्टनची, मुलगा पिंपरीचा, लग्न लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टवर. परदेशातल्या मंडळींना नाताळची सुट्टी सोयीची, म्हणून डिसेंबरचा शेवटचा आठवडा हवा आहे. या वर्षी तिथेच अडचण आहे. शुक्र 6 जानेवारीला सूर्याच्या बरोबर पलीकडे जातो. त्याआधी डिसेंबरच्या मध्याला तो पूर्वेला मावळेल आणि पश्चिमेला उगवायला जानेवारी संपेल. नेमके दिवस पंचांगागणिक थोडे पुढेमागे असतात. शुक्र विवाहाचा कारक. तो अस्तात असताना लग्न लावत नाहीत. त्यात 16 डिसेंबरच्या आसपास धनुर्मास लागतो आणि पुढे पौष.

मुलीच्या वडिलांशी व्हिडिओवर बोलणं होतं. तिथे सकाळचे सहा वाजून गेलेत, त्यांच्यामागे खिडकी अजून काळी आहे.

"गुरुजी, रिसॉर्ट पंचवीस तारखेला मिळतंय. काहीतरी मार्ग असेलच ना?"

"मार्ग दोन आहेत. नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यायला जमत असेल तर चांगल्या तारखा आहेत. नाहीतर फेब्रुवारी."

"सुट्टी नाही मिळत हो मुलांना."

"मग गौण काळातले मुहूर्त असतात. कित्येक पंचांगांत ते वेगळे छापलेले असतात. अडचण खरी असेल तर शास्त्र ती ऐकतं. पण मी तुम्हाला ते गौण म्हणूनच देणार. उत्तम आहे असं म्हणून देणार नाही."

ते गप्प होतात, मग म्हणतात, "सासूबाईंशी बोलतो." मला हे आवडतं. निर्णय कुटुंबाचा आहे. माझं काम त्यांच्यासमोर खरं ठेवणं. सुट्टी बघून तारीख ठरवायची आणि तिच्यावर मुहूर्ताचा शिक्का मारून घ्यायचा, असं करणारे लोक आहेत आणि शिक्का देणारेही आहेत. मी देत नाही. साधा चांगला दिवस बघून देवाला नमस्कार करून लग्न लावलं तर देव रागावणार नाही, हे मी यजमानांना उघड सांगतो. पण पंचांगात नाही ते आहे म्हणून सांगणं हे पंचांगाचा अपमान करणं आहे.

संध्याकाळी 6.02

सूर्यास्त. देवापाशी दिवा, संध्या. न्यू जर्सीत शनिवारची सकाळ, साडेआठ. इथून पुढे रात्री दहापर्यंत फोन खाली ठेवायला मिळत नाही.

न्यू जर्सीचे बरेचसे प्रश्न सणांचे असतात, आणि सणांचे नियम एकसारखे नाहीत, हे सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. एकादशीला सूर्योदय बघायचा. गणेश चतुर्थीला मध्यान्ह. लक्ष्मीपूजनाला प्रदोष. महाशिवरात्रीला मध्यरात्र. संकष्टीला चंद्रोदय. म्हणून एकच तिथी एखाद्या सणाला दोन्ही देशांत एकाच तारखेला येते आणि दुसऱ्या सणाला येत नाही.

2024 चा गणपती आठवतो. चतुर्थी 6 सप्टेंबरला दुपारी 3.01 ला लागली आणि 7 तारखेला संध्याकाळी 5.37 ला संपली. आपल्याकडे मध्यान्हीची चतुर्थी 7 ची, म्हणून गणपती 7 ला बसले. न्यू जर्सीच्या घड्याळात तीच चतुर्थी 6 च्या पहाटे 5.31 पासून 7 च्या सकाळी 8.07 पर्यंत. तिथली मध्यान्ह 6 तारखेलाच चतुर्थीत येत होती. शुक्रवार, कामाचा दिवस. शिवाय पुण्यात मानाचे गणपती बसण्याआधी आपण कसे बसवायचे, ही घालमेल. एक बाई फोनवर रडल्या. त्यांना आईबरोबर एकाच दिवशी आरती करायची होती. मी त्यांना म्हटलं, शुक्रवारी दुपारी अर्धा तास काढा, प्राणप्रतिष्ठा करा. शनिवारी सकाळी आईबरोबर आरती करा, गणपती घरातच आहेत. मंडळाचा कार्यक्रम शनिवार-रविवारी झाला तर बिघडत नाही. उत्सव सोयीनं करावा, पूजा मात्र वेळेवर.

त्याच वर्षी लक्ष्मीपूजनाला महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर होता, उत्तर भारतात बऱ्याच ठिकाणी 31 ऑक्टोबर, आणि इकडच्या वादाचे पडसाद तिकडच्या घरांत उमटले. अमेरिकेत वादाला जागाच नव्हती: अमावास्या न्यू जर्सीत 31 ला सकाळी 6.22 ला लागून 1 ला सकाळी 8.46 ला संपली, प्रदोष 31 चाच. सोलापूरचं पंचांग बरोबर की काशीचं, या भांडणात न्यू जर्सीतल्या एडिसनच्या माणसानं पडायचं कारण नव्हतं.

आज फोन करणाऱ्यांत नॉर्वेच्या उत्तर टोकाला नुकतंच गेलेलं एक जोडपं आहे. ट्रोम्सो. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य मावळतो तो जानेवारीच्या मध्याला पुन्हा वर येतो. "मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा कुठल्या सूर्योदयाला?" मी त्यांना ओस्लोचा सूर्योदय धरायला सांगतो. त्याच देशातल्या, सूर्य उगवणाऱ्या शहराचा धरावा, एवढीच माझी भूमिका.

रात्री 8.30

उद्याची तुळशीची लग्नं. हा आजचा खरा घोळ, कारण पौर्णिमेच्या वाटेवरचा चंद्र पृथ्वीच्या फार जवळ येतो आहे. जवळ आला की त्याची गती वाढते आणि तिथ्या आखूड होतात. उद्या द्वादशी आपल्याकडे सकाळी 7.31 ला लागते, सूर्योदय होऊन गेल्यावर. आणि सोमवारी पहाटे 5.07 ला संपते, सूर्योदयाआधी. एकही सूर्योदय तिला मिळत नाही. मावळात द्वादशीचा क्षय.

न्यू जर्सीत ती आज रात्री 10.01 ला लागते आणि उद्याच्या सूर्योदयाला हजर असते. सिडनीत ती सोमवारच्या सूर्योदयाला आहे. आपल्याकडे क्षय झालेली द्वादशी त्या दोन्ही गावांत पूर्ण दिवसाची मालकीण आहे. विद्यार्थ्यांना मी हे फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा खरं वाटलं की क्षय तिथीचा नसतो, आपल्या सूर्योदयाच्या मोजणीत तो होतो.

एडिसनच्या मंडळींनी मला त्यांचा तक्ता पाठवला आहे: द्वादशी संपते इथल्या 5.07 ला, वजा साडेनऊ तास, म्हणजे रविवारी संध्याकाळी 7.37. एक तास चुकतो आहे. आज रात्री दोन वाजता त्यांची घड्याळं मागे जातात. उद्या संध्याकाळी वजाबाकी साडेदहा तासांची. द्वादशी 6.37 ला संपेल. सूर्यास्त पाचच्या आत, 4.53 च्या सुमारास. गोरज मुहूर्त साधून सव्वापाचला अंतरपाट धरा, असं मी लिहितो. थंडीमुळे कुंडी आत आणली असेल तर खिडकीजवळ ठेवा, वर उसाचा मांडव नाही मिळाला तर मक्याच्या ताटांचा करा, चिंचा-आवळे वाळवलेले चालतील.

सान होजेच्या सकाळच्या ताईंना वेगळं उत्तर. त्यांच्याकडे द्वादशी उद्या दुपारी 3.37 लाच संपते, सूर्यास्ताला त्रयोदशी. पण तुळशीचं लग्न द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत केव्हाही लावतात. मावळातही बरीच घरं पौर्णिमेपर्यंत थांबतात. "उद्या संध्याकाळी लावा, त्रयोदशीला. त्यात कमीपणा काही नाही."

त्यांना आणखी एक विचारायचं असतं: संकल्पात गाव कुठलं म्हणायचं? आम्ही इथे गोदावरीच्या दक्षिण तीरावरचे म्हणून संकल्प सोडतो. अमेरिकेतले बरेच पुरोहित जंबुद्वीपाऐवजी क्रौंचद्वीप म्हणतात. मला ते योग्य वाटतं. जिथे पाय आहेत, तिथलंच नाव घ्यावं. कुलदेवतेचं आणि गोत्राचं नाव घेताना मावळ आपोआप येतोच.

रात्री 10.10

शेवटचा फोन बाहेरगावचा नाही, आमच्याच आळीतल्या आजींचा. नात एडिसनला. तिच्या तुळशीच्या लग्नात आजींना फोनवरून मंगलाष्टकं म्हणायची आहेत.

"तिचे सव्वापाच म्हणजे आपले किती, गुरुजी?"

"सोमवारची पहाट, पावणेचार. मुलानं पावणेतीन सांगितलं असेल तर ते विसरा, तिकडची घड्याळं आज बदलतायत."

"आणि तेव्हा आपल्याकडे द्वादशी आहे का? नाहीतर मी त्रयोदशीला म्हणायची आणि तिथे द्वादशीला लग्न लागायचं, असं नको."

मी वही पुन्हा उघडून बघतो, गरज नसताना. 5.07 पर्यंत.

"आहे, आजी. तिच्याकडेही आणि तुमच्याकडेही."

"मग साडेतीनचा गजर लावते," आजी म्हणतात. "आणि तिला सांगा, 'शुभमंगल सावधान' झालं की लगेच फोन ठेवू नकोस म्हणावं, पाचपर्यंत वेळ आहे."